मॅडम, एक रील टाका ना!

महाराष्ट्रातल्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या ग्रंथपालाला हल्ली जो तो सोशल मीडिया शिकवायला निघाला आहे. कार्यवाह शिकवतात, कार्यवाहांचा अकरावीतला नातू शिकवतो, ग्रंथोत्सवाच्या व्यासपीठावरून पाहुणे शिकवतात आणि ज्यांनी वर्षानुवर्षं एक पुस्तक बदलून नेलेलं नाही असे आजीव सभासद तर सगळ्यांत तळमळीने शिकवतात. 'मॅडम, काळाबरोबर चाला' हे मी इतक्यांदा ऐकलंय की तो काळ कधी रस्त्यात भेटलाच तर आधी विचारीन, तुझ्या फोनला रिचार्ज कोण मारून देतं रे?

मी तालुक्याच्या गावातल्या 'ब' वर्ग ग्रंथालयात ग्रंथपाल आहे. संस्थेचं नाव लिहीत नाही. निम्म्या कार्यवाहांना ती आपलीच वाटेल आणि उरलेल्या निम्म्यांना शेजारच्या तालुक्यातली.

आधी एक गैरसमज बाजूला काढते. हा 'आमच्या वेळी असं नव्हतं' छापाचा लेख नाही. मला ही साधनं येतात. कॅनव्हावर भित्तिपत्रक करता येतं, गूगल फॉर्म लावता येतो, व्याख्यान यूट्यूबवर थेट दाखवता येतं, रीलखाली गाणंसुद्धा चिकटवता येतं. जी बाई ड्युईच्या दशांश पद्धतीत मराठी कविता 891.461 आणि मराठी कादंबरी 891.463 हे झोपेत सांगेल, तिला फोनवरची चार बटणं जड जात नाहीत. माझं भांडण ही साधनं हातात देऊन आमच्याकडून जे काम करून घेतलं जातं, त्याच्याशी आहे.

ते काम काय, हे बघायचं असेल तर आमच्यासारख्या एखाद्या ग्रंथालयाचं फेसबुक पान उघडा आणि वर्षभर खाली सरकत जा. 3 जानेवारी, सावित्रीबाईंची जयंती, प्रतिमापूजन. 27 फेब्रुवारी, मराठी भाषा गौरव दिन, प्रतिमापूजन. 12 ऑगस्ट, ग्रंथपाल दिन, पुन्हा प्रतिमापूजन. ज्या रंगनाथनांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राचा पहिलाच नियम 'पुस्तकं वापरासाठी आहेत' असा घातला, त्यांच्या तसबिरीला हार घालून आठ माणसं कॅमेऱ्याकडे बघतायत आणि मागच्या कपाटाला कुलूप दिसतंय. 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन. त्या दिवशी प्रत्येकाच्या हातात एकेक पुस्तक, नाव दिसणार नाही असं धरलेलं. वर्षभराच्या त्या पानावर एखाद्या पुस्तकाविषयी चार धड ओळी सापडल्या तर जरूर कळवा, मी पेढे वाटीन.

आमच्या समाजमाध्यमातलं खरं वाङ्मय फोटोखाली असतं. त्याची सुरुवात 'डावीकडून' अशी होते. रात्री साडेदहाला फोन येतो, "मॅडम, उपाध्यक्षांचं नाव खजिनदारांच्या नंतर आलंय. ते नाराज आहेत. आत्ताच्या आत्ता दुरुस्त करा." मी करते. पाच मिनिटांनी पुन्हा फोन, "माननीय राहिलं." तेही घालते. दुपारी एक मुलगी नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेचं पुस्तक मागायला आली होती आणि रिकाम्या हाताने परत गेली, तिचं पुढे काय झालं, हे विचारायला मात्र मला कधी कुणी रात्री फोन केलेला नाही. फोटोखाली ग्रंथपालाचं नाव नसतं हे सांगायला नकोच. फोटो तीच काढत असते.

आता प्रशिक्षणाविषयी. सरकारी असो की ग्रंथालय संघाचं, ते एक दिवसाचं असतं. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, सत्कार यांत दीड-दोन तास जातात. मग पंचविशीतला एक मुलगा येतो, 'कंटेंट', 'एंगेजमेंट' आणि 'ब्रँडिंग' हे शब्द वाटतो आणि विचारतो, "तुमच्यापैकी किती जणांच्या लायब्ररीचं इन्स्टा आहे?" चार हात वर होतात. "बघा, बाकीचे मागे राहणार!" तोवर पुरीभाजीचा वास आलेला असतो. जेवण, गटचर्चा, प्रमाणपत्र, समूहछायाचित्र. ते छायाचित्र फेसबुकवर जातं आणि प्रशिक्षण फळाला आल्याचं जाहीर होतं. व्हॉट्सॲपचा गट कसा बंदिस्त ठेवायचा, वाचकांचे नंबर कसे झाकायचे, कुठली पुस्तकं पीडीएफ करून देता येतात आणि कुठली नाहीत, या प्रश्नांना त्या दिवसात जागा नसते. मी एकदा विचारलं. उत्तर आलं, "छान प्रश्न आहे मॅडम, आपण चहाच्या वेळी बोलू."

हे शिकवायचं कसं, याची एक चांगली तऱ्हा जगात होऊन गेली आहे. 2006 साली अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनात, शार्लट-मेक्लेनबर्गच्या सार्वजनिक ग्रंथालयात, हेलेन ब्लोअर्स नावाच्या बाईंनी कर्मचाऱ्यांसाठी '23 थिंग्ज' हा उपक्रम आखला. ब्लॉग, फ्लिकर, आरएसएस, टॅगिंग, विकी, पॉडकास्ट अशा त्या वेळच्या नव्या गोष्टी, एकूण तेवीस, ज्याने त्याने आपल्या गतीने करून बघायच्या. काय जमलं, काय डोक्यावरून गेलं, हे आपापल्या ब्लॉगवर लिहायचं. वाटलं तर टोपणनावाने. आजीवन शिकणाऱ्याच्या म्हणून ज्या साडेसात सवयी तिथे सांगितल्या होत्या, त्यांतली शेवटची अर्धी सवय होती खेळणं. पूर्ण करणाऱ्याला एमपीथ्री प्लेअर बक्षीस. भाषणं नाहीत, व्यासपीठ नाही. पुढे ऑस्ट्रेलियापासून कुठकुठच्या ग्रंथालयांनी तोच अभ्यासक्रम उचलला, कारण तो कुणीही घ्यावा म्हणून मोकळाच ठेवला होता. गंमत म्हणजे त्या तेविसातली बरीच दुकानं आज बंद आहेत. गूगल रीडर 2013 मध्ये गेलं. आपल्याकडचं ऑर्कुट 2014 मध्ये मिटलं, गूगल प्लस 2019 मध्ये. टिकटॉकवर ज्यांनी 'ग्रंथालय पोहोचवलं' त्यांच्या खात्यांना 2020 च्या जूनमध्ये सरकारनेच टाळं लावलं. शार्लटच्या लोकांचं काही बिघडलं नाही, कारण ते दुकान शिकले नव्हते, नवी वस्तू हातात घेऊन उघडून बघायला शिकले होते. आमच्याकडे प्रत्येक नव्या दुकानासाठी नवं दीपप्रज्वलन लागतं.

अमेरिकेशी तुलना केली की लगेच उत्तर मिळतं, "तिकडचं सोडा हो, तिकडे पैसा आहे." बरं, मग पैशाचंच बोलू.

ग्रंथालयांचा कायदा करण्यात या मातीने उशीर केलेला नाही. देशातला पहिला ग्रंथालय कायदा 1945 साली कोल्हापूर संस्थानात झाला. महाराष्ट्राचा कायदा 1967 चा. पण कर्नाटक, तामिळनाडू या राज्यांनी घरपट्टीसारख्या करांवर ग्रंथालयासाठी उपकर लावला, तसा आमच्या कायद्यात नाही. आमची सगळी भिस्त सरकारी अनुदानावर. ते वर्गवारीप्रमाणे मिळतं, अ, ब, क, ड. 2022 साली अनुदानात 60 टक्के वाढ झाली तेव्हा 'ड' वर्गाचं वर्षाचं अनुदान 30,000 वरून 48,000 झालं. त्यातला निम्मा भाग वेतनाचा. म्हणजे तेव्हा वर्षाला 24,000, महिन्याला 2,000 रुपये. वाढीच्या आधी हाच आकडा 1,250 होता. त्या पैशात कुणीतरी माणूस रोज दार उघडतो, झाडतो, वर्तमानपत्रं लावतो, देवघेव करतो, दाखल नोंदवही लिहितो, तपासणीला साहेब आले की चहा आणतो. आता त्याच माणसाला सांगतात, रील कर. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास!

फोन कुणाचा? ग्रंथपालाचा. नंबर कुणाचा? तिचाच. डेटा तिचा, साठवण तिची, चार्जिंग तिच्या घरचं. संस्थेच्या ताळेबंदात 'सत्कार व समारंभ' या शीर्षाखाली शाली-श्रीफळांचा खर्च असतो, 'किरकोळ'मध्ये चहा असतो; 'इंटरनेट' हे शीर्ष मी सुचवलं तेव्हा खजिनदार म्हणाले, "तुमच्याकडे अनलिमिटेड आहे ना?" आहे. माझ्या पैशांचं आहे. आणि ग्रंथालय बंद झाल्यावरही माझा फोन बंद होत नाही, कारण वाचकांच्या दृष्टीने आता मीच ग्रंथालय.

यापेक्षा वाईट गोष्ट पैशाची नाही. ती व्हॉट्सॲप गटाची आहे.

ग्रंथालयाच्या कार्यकारी मंडळाने ठराव केला: सर्व सभासदांचा एक गट करावा. मी सांगितलं, गट नको. गटात प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो. आमच्या सभासदांत कॉलेजच्या मुली आहेत, एकट्या राहणाऱ्या नोकरदार बायका आहेत, नवरा गेल्यावर पुन्हा वाचायला लागलेल्या बायका आहेत. त्यांनी नंबर ग्रंथालयाला दिलाय, गावाला नाही. व्हॉट्सॲप कम्युनिटीचा सूचनागट करा किंवा चॅनेल काढा. त्यांत नंबर झाकलेले राहतात. "मॅडम, तुम्ही फार विचार करता" असं म्हणून गट झाला. आठवड्याच्या आत एक मुलगी माझ्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाली, "बाई, गटातले एक काका रोज मला वेगळं गुड मॉर्निंग पाठवतात. काल विचारलं, रात्री काय वाचतेस." तिने गट सोडला. पुढच्या महिन्यात अनामत परत घेतली. मी हे मंडळापुढे मांडलं तेव्हा ज्येष्ठ संचालक हसून म्हणाले, "अहो, शुभेच्छाच दिल्या ना!" एक वाचक गेली, आणि ज्या काकांमुळे गेली ते अजून रोज सकाळी गटात सूर्यफुलं टाकतात.

ग्रंथपालाच्या धंद्यातली एक जुनी रीत आहे: कोण काय वाचतं हे तिसऱ्याला सांगायचं नाही. नवऱ्याने विचारलं तरी नाही, मास्तरांनी विचारलं तरी नाही. कुणी घटस्फोटाच्या कायद्याचं पुस्तक नेतं, कुणी कर्करोगाचं, कुणी वयात येण्याविषयीचं. कार्डावर नोंद होते आणि ती कार्डाबाहेर जात नाही. समाजमाध्यमाचा जीवच मुळी सांगण्यात आहे. म्हणून तर ते वापरताना ग्रंथपालाचा हात हवा, प्रचारकाचा नको. मंडळाची कल्पना होती 'महिन्याचा वाचक': फोटो, नाव, गल्ली आणि त्याने नेलेल्या सगळ्या पुस्तकांची यादी. मी स्पष्ट नाही म्हटलं. त्यावर 'मॅडम सहकार्य करत नाहीत' अशी इतिवृत्तात नोंद झाली. ती नोंद मी जपून ठेवली आहे. माझ्या नोकरीतलं तेवढंच लेखी प्रशस्तिपत्र.

मग पीडीएफ. ग्रंथालयाच्या गटात कुणीतरी आजच्या, हयात लेखिकेची अख्खी कादंबरी टाकतं. गेल्याच वर्षी निघालेली, दुकानात मिळणारी. तिच्याखाली अंगठ्यांची माळ लागते आणि पहिला अंगठा आमच्या कार्यवाहांचा. ज्या संस्थेने ती कादंबरी विकत घेऊन दाखल केली, त्याच संस्थेच्या नावाच्या गटात तिची चोरी उघड्यावर मांडलेली! मी ती काढून टाकली तर गहजब. "मॅडम, ज्ञान मुक्त असावं." असावं ना. ज्यांचं मुक्त झालंय त्यांचं खुशाल वाटा. आपल्या कायद्याने लेखक गेल्यावर 60 वर्षांनी हक्क संपतो. साने गुरुजी 1950 साली गेले, 2011 पासून त्यांची पुस्तकं सगळ्यांची आहेत. हरिभाऊ आपटे, गडकरी, श्रीपाद कृष्ण कोल्हटकर, लक्ष्मीबाई टिळक, अगदी मर्ढेकरसुद्धा. मराठी विकिस्रोतावर जुनी पुस्तकं रीतसर चढवली जातात. तिथे जाऊन एखादं पान तपासून द्या, पुण्य लागेल. पु. ल. मात्र 2000 साली गेले, त्यांच्यासाठी 2060 साल उलटावं लागेल. हा हिशेब सांगणं हे ग्रंथपालाचं काम. तो मी गटात लिहिला. खाली पहिलं उत्तर आलं, "पुलंची पण टाका ना मॅडम."

खोट्या नावांच्या कवितांनी तर उच्छाद मांडलाय. एकदा गटात बापावरची एक कविता आली. खाली ठसठशीत 'कुसुमाग्रज'. कवितेतला बाप मुलाच्या मिस्ड कॉलची वाट बघत होता. कुसुमाग्रज 1999 च्या मार्चमध्ये गेले. तेवढ्यावरही कुणाच्या मनात पाल चुकचुकायला हरकत नव्हती. तरी मी कपाट उघडलं. 'विशाखा' बघितली, 'मराठी माती', 'हिमरेषा', 'छंदोमयी', 'मुक्तायन' असं जे आमच्याकडे आहे ते सगळं अनुक्रमणिकेसकट चाळलं. मग गटात लिहिलं, "ही कविता कुसुमाग्रजांची नाही. मूळ कवीचं नाव कुणाला ठाऊक असल्यास कळवावं, म्हणजे त्याचं श्रेय त्याला देता येईल." आता मी समजत होते की ग्रंथालयाच्या गटात ग्रंथपालाने असं सांगितलं की विषय मिटतो. पहिलं उत्तर हात जोडलेलं चित्र. दुसरं, "मॅडम, भावना महत्त्वाची." तिसरं एका निवृत्त मुख्याध्यापकांचं, "प्रत्येक ठिकाणी वाद उकरू नयेत." रात्री अध्यक्षांचा फोन, "सभासद दुखावतात. जरा सांभाळून." पुढच्या 27 फेब्रुवारीला ती कविता आमच्याच व्यासपीठावरून, कुसुमाग्रजांच्या हार घातलेल्या तसबिरीसमोर, सद्गदित कंठाने वाचली गेली. मी फोटो काढत होते. डावीकडून.

आता सांगा, ग्रंथपालाला समाजमाध्यम शिकवायची गरज आहे की समाजमाध्यमाला ग्रंथपालाची? कुठलं पुस्तक कुणाचं, कुठल्या आवृत्तीतलं, ही नोंद खरी की ऐकीव, एकाच लेखकाची पाच नावं एका नावाखाली कशी आणायची, हे आम्ही आयुष्यभर केलं. 'पु. ल.', 'पुल', 'पु.ल. देशपांडे', 'देशपांडे, पुरुषोत्तम लक्ष्मण' या चारही वाटांनी येणारा माणूस एकाच कपाटाशी पोहोचावा म्हणून तालिकेत कार्डं घातली. हॅशटॅग हे त्या कामाचं अडाणी भावंड आहे; प्रत्येकजण हवं तसं लिहितो आणि कुणालाच काही सापडत नाही. जे कौशल्य त्या जगाला हवं आहे ते आमच्याकडे आहे, आणि आमच्याकडून मागतात काय, तर गाण्यावर पुस्तकाची पानं फडफडवायला.

आणि तालिकेचं नाव काढलंच आहे तर तेही बोलते. आमच्या ग्रंथालयाचं फेसबुक आहे, इन्स्टाग्राम आहे, यूट्यूबवर अध्यक्षांची भाषणं आहेत. पण घरबसल्या 'हे पुस्तक तुमच्याकडे आहे का' हे बघायची सोय नाही. ग्रंथतालिका ऑनलाइन नाही. त्यासाठी लागणारी 'कोहा' ही संगणकप्रणाली फुकट आहे. न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालय न्यासाने ती करवून घेतली, 2000 सालापासून वापरात आहे, आणि जगभर मोठमोठी ग्रंथालयं तिच्यावर चालतात. लागतो तो एक बरा संगणक, नोंदी चढवायला माणूस आणि काही महिने शांतता. मी तीनदा प्रस्ताव दिला म्हणून सांगितलं तर मोजदाद केल्यासारखं होईल. दरवर्षीच देते, एवढं पुरे. दरवर्षी उत्तर एकच: "बघू. तोपर्यंत फेसबुक ॲक्टिव्ह ठेवा." फेसबुक तर स्वतःच पानावर टाकलेलं सगळ्या अनुयायांना दाखवत नाही, पैसे भरा म्हणतं. म्हणजे आमच्या प्रतिमापूजनाचे फोटो बघतात ते मुख्यतः प्रतिमापूजन करणारेच.

या साधनांचा उपयोग होत नाही असं मात्र मला कुणी वदवू नये. होतो. 2020 च्या मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत ग्रंथालयं बंद होती तेव्हा माझ्या फोनवर वाचक होते. कुणी विचारायचं, अमुक लेखकाचं पुढचं कुठलं वाचू. कुणाला मुलासाठी गोष्टी हव्या असायच्या. पुण्यात नोकरीला असलेल्या, मूळच्या आमच्या गावच्या एका माणसाला आपल्या गावाचा जुना उल्लेख हवा होता. सातारा जिल्ह्याचं 1885 चं गॅझेटिअर आमच्या संदर्भ विभागात आहे. किल्ली मिळवून मी आत गेले, पान शोधलं, फोटो काढला, मुखपृष्ठाच्या आतल्या पानाचाही काढला, म्हणजे कुठून घेतलं ते कळावं, आणि पाठवला. वाचकाचा वेळ वाचवा, हा रंगनाथनांचा चौथा नियम. तो असा पाळला जातो. त्याला ना गाणं लागलं, ना हॅशटॅग.

तसंच गूगल नकाशाचं. बदली होऊन आलेले एक बँक अधिकारी सहा महिन्यांनी ग्रंथालयात आले आणि म्हणाले, "अहो, नकाशावर तर 'कायमचे बंद' दाखवतंय." शेजारून चालत जाणाऱ्यालाही नकाशा सांगेल तेच खरं वाटतं हल्ली. मी ती नोंद संस्थेच्या नावावर करून घेतली, वेळा घातल्या, साप्ताहिक सुट्टी घातली, दाराचा स्वच्छ फोटो टाकला. माझ्या मते गेल्या काही वर्षांतलं आमचं सर्वांत उपयोगी समाजमाध्यमकार्य ते. मंडळाच्या सभेत मी ते सांगितलं तेव्हा कुणीतरी विचारलं, "त्यात मंडळाचा फोटो टाकता येतो का?"

माझ्या व्यवसायबंधूंनाही सोडत नाही. आपल्यातले काही 'मला त्यातलं काही कळत नाही बुवा' हे अभिमानाने सांगतात आणि तोच फोन दिवसभर टेबलाखाली धरून जोड्या जुळवण्याचा खेळ खेळतात. वाचकाने निरोप पाठवला तर दोन दिवस उघडत नाहीत, स्वतः मात्र सकाळी सहाला सुविचार पाठवतात, तोही चुकीच्या नावाचा. अशांनी मंडळाला दोष देऊ नये. ज्याला आपल्या कामाची रीत ठाऊक आहे त्यानेच ही साधनं हातात घेऊन 'इथे असं चालेल, तसं चालणार नाही' असं सांगायला हवं. आपण जागा सोडली की तिथे कार्यवाहांचा नातू बसतो.

तर सभासदांनो, हा लेख मंडळांना उद्देशून नाही. ते वाचणार नाहीत. वाचला तर आपला फोटो आहे का ते बघतील. तुम्हाला सांगते. वर्षातून एकदा तुमच्या ग्रंथालयाची सर्वसाधारण सभा होते, आणि गणपूर्ती होत नाही म्हणून अर्ध्या तासाने तीच सभा त्याच जागी पुन्हा भरते. यंदा त्या सभेला जा. अहवालातलं खर्चाचं पान काढा. सत्कारावर किती गेले आणि नव्या पुस्तकांवर किती, ते मोठ्याने वाचायला सांगा. ग्रंथपालाच्या हातातला फोन संस्थेचा आहे की तिचा, ते विचारा. ग्रंथतालिका ऑनलाइन कधी येणार, याची तारीख इतिवृत्तात लिहून घ्या. व्हॉट्सॲप गटात बायकामुलींचे नंबर उघडे असतील तर तो गट त्याच सभेत बंद करायला लावा. आणि 'इतर विषय' आला की एवढा ठराव मांडा: ग्रंथालयाच्या नावाने जिथे जिथे काही लिहिलं जाईल, तिथे काय लिहायचं आणि काय नाही, हे ग्रंथपाल ठरवेल. सूचक तुम्ही व्हा. अनुमोदक शेजारच्या खुर्चीवर मिळेल.